फाटकावरचा खराटा

श्टाइनहाल्डे, ३० जानेवारी १९८३

ती. टिलीताईस,
बुर्गीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि त्यात घडी घालून ठेवलेला पडद्याच्या कापडाचा तुकडाही मिळाला. रंग छान आहे. पिवळा, पण भडक नाही. मठाच्या शाळेत सणाच्या दिवशी सिस्टर लोक दुधाचं कस्टर्ड करायच्या, अगदी तसा. मी तो माझ्या खिडकीला टाचून पाहिला. त्याच्यामागे नेकार नदी दिसत होती. ल्युबेकला ती दिसणार नाही, पण तुझ्याकडेही एक नदी आहे आणि तीही ओलीच असते, असं मी मनाला समजावलं.

इकडे थंडी बेताची. किलिआन राप आता निवृत्त झाला, पण तीस वर्षं नदीच्या बंधाऱ्यावर बोटींसाठी पाण्याचा दरवाजा उघडण्यात गेल्यामुळे कुठे भोंगा वाजला की अजून जेवणावरून उठतो. तुझी चौकशी करत होता. चाळीस वर्षं करतोय. एकदाही उत्तर ऐकायला थांबलेला नाही.

आता तिसरा परिच्छेद आला, म्हणजे सिस्टर युस्टाझियाच्या नियमाप्रमाणे तक्रारीला परवानगी. बागवाल्या श्ट्रोहेकरशी घर विकायचं बोलणं पक्कं झालं. संत जोसेफच्या सणाला, १९ मार्चला, सह्या. घर, तळघर, आणि बाबांच्या हातच्या दगडी भिंतींवरचे द्राक्षबागेचे सगळे टप्पे तो घेणार. वरच्या पाच टप्प्यांवर यंत्र चढत नाही, म्हणून तिथल्या ट्रॉलिंगरच्या वेली उपटून ती जागा झुडपांना सोडून देणार म्हणाला. मी हो म्हटलं. पायऱ्या तीनशे बारा आहेत आणि माझे गुडघे एकसष्ट वर्षांचे. तळघरात गेल्या सुगीचं एक मोठं पिंप भरलेलं आहे, तेही तोच नेईल आणि काळ्या वाइनमध्ये मिसळून टाकेल. माझा अलोइस असता तर त्याने वर्षातून दोनदा, घरची वाइन विकायला काढली या खुणेचा खराटा फाटकावर लावला असता आणि आपल्या बैठकीच्या खोलीत बसून गावाने ते पिंप संपवलं असतं. आता त्या चाळीस खुर्च्यांत मी एकटी बसते. रोज खुर्ची बदलते, म्हणजे कोणी रुसायला नको.

इस्टरपर्यंत मी तुझ्याकडे येते. शब्द दिलाय तो दिलाय.

कळावे. लोभ आहेच, तो पडद्याच्या मापाने कापू नये.

तुझी,
बुर्गी


ल्युबेक, ३ फेब्रुवारी १९८३

चि. बुर्गीस,
टिलीताईचे अ. उ. आ.

खुर्च्या रुसत नाहीत. तू तशीच लहानपणी बटाटे सोलताना एकेकाची माफी मागायचीस.

खोली तयार आहे. पडदे शिवून झाले, पलंग हिन्रिखचा आहे, तो गेल्यापासून रिकामाच, म्हणजे तुला त्यात शोधावं लागेल. गुरुवारी दुपारी आमचा पत्त्यांचा अड्डा असतो. चौघींचा होता, फ्राऊ लोरेंट्सेन लेकीकडे राहायला गेली, म्हणून सध्या तिघी आहोत. चौथी खुर्ची तुझी. इथे तुला रुसण्याची सोय आहे.

श्ट्रोहेकर ते पिंप काळ्या वाइनमध्ये मिसळणार म्हणून एवढं वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या ट्रॉलिंगरला रंगाची गरज होतीच. आमच्या लग्नात बाबांनी मोठ्या अभिमानाने पिंप पाठवलं होतं. हिन्रिखच्या थोरल्या भावाने पेला उजेडात धरला आणि विचारलं की यात लाल पेन्सिल कोणी बुडवली. वाइनच्या व्यापाऱ्यांचं घर. त्यांना फ्रान्सची, बोर्दोची वाइन अशी गडद लागायची की पेल्यामागचं बोट दिसता कामा नये. त्या दिवसापासून मी तुमच्याकडची घेतलेली नाही. नवऱ्याच्या घरी नवऱ्याची दारू, हेही सिस्टर युस्टाझियाने शिकवलं असतं, जर तिला नवरा असता तर.

गुडघ्यांना गरम मिठाची पोटली लाव.

कळावे, तू येईपर्यंत आशीर्वाद पत्रानेच पाठवते.

टिलीताई


श्टाइनहाल्डे, ६ फेब्रुवारी १९८३

ती. टिलीताईस,
सा. न. वि. वि.

ताई, आधी बस. मी बसलेय, पण लिहिताना हसू येतंय म्हणून अक्षर वाकडं होईल, माफ कर.

काल शनिवार, म्हणजे रस्ता झाडायचा दिवस. पहाटे ओला बर्फ पडून गेला होता. मी दारापुढचा रस्ता झाडला, गटाराची कड झाडली, शेजारणीच्या चार फरशाही झाडल्या, तिला जरा टोचावं म्हणून. खराटा चिंब झाला. सोमवारी श्ट्रोहेकर घर बघायला येणार म्हणून आतली फरशी मी आरशासारखी पुसली होती. ओला खराटा आत कसा न्यायचा? फाटकाच्या खांबाला लोखंडी कडी आहे. तिच्यात दांडा खोचला, काड्या वर, पाणी निथळावं म्हणून. आणि आत जाऊन कॉफी टाकली.

फाटकाच्या कडीत उभा खराटा, काड्या वर, फेब्रुवारीतल्या शनिवारी. या खोऱ्यातलं शेंबडं पोर सांगेल की याचा अर्थ काय. अलोइसने सव्वीस वर्षं त्याच कडीत तो लावला. आणि मी, त्याची बायको, कॉफीत साखर ढवळत बसले होते.

अर्ध्या तासात नऊ माणसं आत आली. मोठ्याने नमस्कार केला, कोट खुंट्यांना लावले आणि बैठकीच्या खोलीत पसरली. मला वाटलं श्ट्रोहेकरचे नातेवाईक घर बघायला आले, दोन दिवस आधीच. मी दात आवळून या बसा केलं. एकीने भिंतीवर टिचकी मारून जाडी पाहिली. एकाने खुर्च्या मोजल्या आणि चाळीस भरतायत म्हणून खूश झाला. मनात म्हटलं, मेल्यांनो, अजून सह्या झाल्या नाहीत. एवढ्यात टोपीत पीस खोचलेले एक गृहस्थ हात चोळत म्हणाले की काकू, आज नुसती ट्रॉलिंगर आहे की दुसरंही काही, आणि माउलटाशेन रश्शातले की परतलेले. श्ट्रोहेकरच्या घराण्यात लाजलज्जा नावाची गोष्ट नाही असं मी जवळजवळ बोललेच होते. तेवढ्यात खिडकीतून खराटा दिसला.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. सांगायला हवं होतं की चूक झाली, खराटा वाळत घातलाय. पण ती फिरस्त्यांच्या मंडळाची माणसं अकरा किलोमीटर चालून आली होती आणि एका बाईने बूट काढून पाय शेगडीकडे केले होते. जो आपल्या टेबलाशी बसला त्याला का आलास विचारू नये, काय घेणार ते विचारावं. हे आपल्याला मठात शिकवलं होतं की नाही? मी विचारलं.

कानाचे पेले मी चर्चच्या बाजारासाठी कागदात बांधून ठेवले होते. ते सोडले. घरात पाव होता, चरबीचा डबा होता, आंबवलेला कोबी होता आणि अकरा अंडी. पिंपाला तोटी इतकी तिरकी ठोकली की पहिला पावशेर माझ्या अंगावरच गेला. अख्ख्या तळघराला चेरीचा वास. टोपीवाल्या गृहस्थांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग पेला पुढे केला. आपल्याकडे याहून मोठी स्तुती नाही, तुला माहीत आहे.

पाच वाजता गेले. बूट काढलेल्या बाईने विचारलं की खराटा कधीपर्यंत राहील. आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं की उद्याही आहे.

हे फक्त पिंप संपेपर्यंत. श्ट्रोहेकरच्या काळ्या पाण्यात जाण्यापेक्षा माणसांच्या पोटात गेलेलं बरं. मी यायचं ते येतेच.

पत्र अर्धवट वाटलं तर गैरसमज नको, दारात कोणीतरी आलंय.

तुझी,
बुर्गी


ल्युबेक, १० फेब्रुवारी १९८३

चि. बुर्गीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी जिन्यात एकटीच हसत उभी राहिले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. या शहरात विनाकारण हसणाऱ्या बाईला डॉक्टरांचा पत्ता देतात.

तुला रागवायला हवं. लोकांचे पाय शेगडीकडे, तुझा परवाना दोन वर्षांपूर्वी बंद झालेला, आणि तू उद्याही म्हणतेस. नगर कचेरीतला कारकून येऊन उभा राहिला म्हणजे त्यालाही काय घेणार विचारणार आहेस का? श्ट्रोहेकर सोमवारी आला तेव्हा काय झालं ते तू लिहिलेलं नाहीस. लिहायला वेळ नव्हता, की सांगायचं नव्हतं?

इथे सगळं ठीक. गुरुवारी आम्ही दोघीच होतो, पण दोघींतही डाव लागतो, पत्ते जरा जास्त हातात येतात एवढंच. तुझ्या खोलीत मी एक दिवा आणून ठेवलाय, वाचायला.

अलोइस गेल्यानंतरचं हे तुझं पहिलं पत्र ज्यात चुका आहेत. आधीची सगळी शुद्ध होती. मला ती आवडायची नाहीत.

कळावे, आशीर्वादात थोडी कानउघाडणी मिसळली आहे, रंगासाठी.

टिलीताई


श्टाइनहाल्डे, २० फेब्रुवारी १९८३

ती. टिलीताईस,
सा. न. वि. वि.

कारकून आला. तू लिहिलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी. हातात नियमांचं पुस्तक, चेहरा अंत्यविधीचा. त्याने उभ्यानेच वाचून दाखवलं की आगाऊ सूचना द्यावी लागते, चाळीसच्या वर खुर्च्या नकोत, वर्षात सोळा आठवडे, आणि स्वतःच्या बागेचीच वाइन. मी सगळ्याला हो म्हटलं आणि मग काय घेणार ते विचारलं. तो म्हणाला कामावर असताना घेत नाही. किलिआनने कोपऱ्यातून त्याला सांगितलं की बाळा, वाइन स्वतःच्याच बागेची आहे हे तू प्याल्याशिवाय कागदावर कसं लिहिणार. पोराला ते पटलं. एकदा नियमाप्रमाणे, एकदा खात्री म्हणून, आणि एकदा उभ्याने. सूचनेचा कागद त्याने स्वतःच भरून दिला आणि पुस्तक इथेच विसरून गेला. सध्या ते शेगडीजवळच्या टेबलाच्या आखूड पायाखाली आहे.

किलिआनचं सांगायचं राहिलं. त्या रविवारनंतर मी मन घट्ट करून खराटा शेडमध्ये ठेवला होता. सोमवारी तो आला, खराटा नाही पाहून मागे शेडमध्ये गेला, खराटा आणला, कडीत खोचला, आणि मग फाटकातून असा आत आला जणू रस्त्यावरून जाताना आत्ताच दिसला. श्ट्रोहेकर त्याच वेळी मोजपट्टी घेऊन बैठकीच्या खोलीत होता. किलिआनने त्याला विचारलं की तूही प्यायला आलास का, मग बस, उभ्याने माप घेतल्यासारखं वाटतं. तो बसला. दोन पावशेर घेऊन गेला. भिंती मोजायच्या राहिल्या.

उपवासाचे दिवस लागलेत, म्हणून माउलटाशेन भरपूर खपतायत. मांस कणकेच्या पाकिटात लपवलं की देवाला दिसत नाही, हे आपल्याकडे सगळे मानतात. सिस्टर युस्टाझियासुद्धा तीन खायची आणि वर बघायची नाही.

तुला एक बाटली पाठवतेय, पेंढ्यात गुंडाळून. पंचवीस तारखेला माझ्या नावाचा सण आहे, त्या दिवशी उघड. नाक मुरडलंस तरी चालेल, पण प्यायल्यावर मुरड.

कळावे, लोभ आहे तो पेंढ्यात बांधला आहे, फुटणार नाही.

तुझी,
बुर्गी


ल्युबेक, २६ फेब्रुवारी १९८३

चि. बुर्गीस,
अ. उ. आ. आणि नावाच्या सणाच्या शुभेच्छा, एक दिवस उशिरा. उशीर का झाला ते ऐक.

काल दुपारी जेवणाआधी बाटली उघडली. हिन्रिखचे बोर्दोचे पेले काढले, मोठे, पातळ, देठाचे. ओतली. खरंच लाल पेन्सिल. पेल्यामागचं बोटच काय, बोटातली अंगठी आणि अंगठीवरची अक्षरंही दिसत होती. एक घोट घेतला आणि वाटलं की हिन्रिखचे लोक बरोबर होते. ओठाशी आली, नमस्कार केला आणि निघून गेली.

मग मला काय सुचलं कोण जाणे. दात घासायचा मग आणला. चिनीमातीचा, कानाचा. त्यात ओतली. बुर्गी, तीच बाटली. कान धरून तोंडाला लावली आणि नेहमीसारखा चमचाभर घोट न घेता, बाबा घ्यायचे तसा तोंडभर घेतला, जरा आवाज करून. आधी आंबट चेरी. मग ती चेरी खाऊन बी दाताखाली फुटल्यावर येतो तो कडवट बदामाचा वास. मग काहीच नाही. आणि त्या काहीच नाहीमध्ये, कितीतरी वेळाने, उन्हात तापलेल्या दगडाच्या भिंतीवर पाऊस पडल्यावर येतो तो वास. बाबांच्या तिसऱ्या भिंतीचा. सुगीच्या सुट्टीत मठातून घरी आलो की आपण तिथे पाठ टेकून बसायचो, पाली आपल्या पायांवरून जायच्या आणि दगड संध्याकाळपर्यंत गरम असायचे. थंड देशातल्या वेली त्या, त्यांना ऊब दगडांकडून उसनी घ्यावी लागते. म्हणून वाइनमध्ये ऊन नसतं. उन्हाची आठवण असते.

बोर्दो मोठ्या माणसासारखी येते, टोपी ठेवते आणि स्वतःविषयी सांगते. ही येते आणि तुझं काय चाललंय विचारते. म्हणून पहिल्या पेल्यात तिच्यात काही सापडत नाही. तिला विचारलेलं नसतं ना, तिने आपल्याला विचारलेलं असतं. चाळीस वर्षं मी तिला चुकीच्या पेल्यात पाहिलं.

बाटली संपली. दुपारचे दोन वाजले होते. मी भांडी न घासता झोपले आणि उठल्यावर समोरच्या बेकरीवाल्याला तू कुठल्या गावचा असं विचारलं. तो याच गल्लीत जन्मलाय आणि अठ्ठावीस वर्षं मला पाव देतोय. हे कोणाला सांगू नकोस.

पत्त्यांचा अड्डा सध्या बंद. फ्राऊ टीमलाही मुलाने बोलावून घेतलं. मी एकटीचा डाव मांडते; त्यात एक बरं की कोणी फसवत नाही.

कळावे, आशीर्वाद नेहमीचेच, हस्ताक्षर कालचं.

टिलीताई


श्टाइनहाल्डे, ६ मार्च १९८३

ती. टिलीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी किलिआनला वाचून दाखवलं, बेकरीवाल्याचं सोडून. दगडाच्या भिंतीचं आलं तेव्हा तो उठून शेगडीत लाकडं घालायला गेला. शेगडी भरलेली होती.

सगळं ठरल्याप्रमाणे आहे. १९ ला सह्या, मग सामान बांधायचं. आईची निळी सुरई आणू की दोन्ही सुरया? जागा किती आहे ते कळव. शिवणयंत्रही आणते, तुझं कुरकुरतं असं लिहिलं होतंस.

हवा सुंदर आहे. चार दिवस वर टप्प्यांवर होते, वेलींची छाटणी करत. सकाळी जायचं, दुपारी खराटा लावायचा. गुडघे काही बोलले नाहीत, बहुतेक विसरले. पाचव्या टप्प्यावरच्या म्हाताऱ्या वेलींना या वर्षी फुटीचे दोनच डोळे ठेवलेत, म्हणजे पुढच्या वर्षी जोर धरतील. तिसऱ्या भिंतीचा एक कोपरा ढासळला होता, तो मी आणि किलिआनने रचून काढला. टोपीत पीस खोचणारे गृहस्थ इस्टरनंतर पंधरा जणांना घेऊन येतो म्हणालेत. मी मान हलवली, आता काय सांगणार.

बाकी क्षेम. तक्रार काही नाही.

कळावे, लोभ आहे तो लवकरच प्रत्यक्ष घ्यायला येते.

तुझी,
बुर्गी


ल्युबेक, १० मार्च १९८३

चि. बुर्गीस,
अ. उ. आ.

एक अडचण झाली आहे, ती सरळच सांगते. तुझी खोली मी भाड्याने दिली. एक विद्यार्थी आहे, संगीत शाळेतला, ट्रॉम्बोन वाजवतो. दिवसभर वाजवतो. आईबाप दूर, मुलगा गरीब, दाराशी उभा राहिला आणि माझ्याने नाही म्हणवलं नाही. दोन वर्षांचा करार आहे. त्यामुळे तुला आत्ता येता येणार नाही, म्हणून रागावू नकोस.

अशा परिस्थितीत घर विकून तू रस्त्यावर येणार का? श्ट्रोहेकरला सांग की बहिणीने ऐनवेळी धोका दिला. सगळा दोष माझ्यावर घाल, मी उत्तरेकडची आहे, त्याला पटेल.

आणखी एक. मी तुझी पाच वर्षांनी मोठी बहीण आहे आणि बाबांची मुलगी आहे. विकायच्या बागेत पुढच्या वर्षीचे डोळे मोजून कोण ठेवतं? आणि तुझ्या पत्रात तक्रार नव्हती. इतक्या वर्षांत तुझं तक्रारीवाचूनचं पत्र मी एकदाच पाहिलं आहे, अलोइसशी ठरलं त्या आठवड्यात.

सुरया जागेवर राहू देत.

कळावे. आशीर्वाद आवाजाने थोडे हलतायत, तो ट्रॉम्बोन.

टिलीताई


श्टाइनहाल्डे, २० मार्च १९८३

ती. टिलीताईस,
सा. न. वि. वि.

सह्या झाल्या नाहीत. श्ट्रोहेकर काल नवा कोट घालून आला होता, बरोबर वकील. मी सांगितलं की बहिणीच्या घरी ट्रॉम्बोन आला. त्याने नव्या कोटाची बटणं सोडली. मग म्हणाला की काकू, मला तर खराटा पाहिला त्याच दिवशी कळलं होतं, पण कोट शिवायला टाकलेला. दोघेही बसले. वकील चांगला गातो.

मी तुला रागावले नाही ताई. पत्र वाचल्यावर मी स्वयंपाकघरात एकटी नाचले आणि मग खुर्चीत बसून रडले. नाचले ते घरासाठी. रडले ते कशासाठी ते मला नीट सांगता येत नाही. तू त्या मुलाला माझ्या पिवळ्या पडद्यांच्या खोलीत ठेवलंस. त्याने पडद्यांना हात पुसू नयेत एवढंच बघ.

कळावे, लोभ आहे. जागा भाड्याने गेली तरी तो देऊ नये.

तुझी,
बुर्गी


ल्युबेक, ७ एप्रिल १९८३

चि. बुर्गीस,
अ. उ. आ.

इस्टर शांततेत झालं. चर्चला गेले, परत आले, दोन अंडी रंगवली, दोन्ही खाल्ली. हल्ली दुपारी मी मागच्या खोलीत बसते. पडद्यांतून ऊन येतं आणि भिंती अगदी कस्टर्डसारख्या होतात. घड्याळाशिवाय कसला आवाज नाही. तिथे बसून मी तुझी पत्रं पुन्हा काढते आणि एकटीचा डाव मांडते. परवा डाव सुटला, तेव्हा सांगायला मागे वळले.

तू पाठवलेल्या दुसऱ्या बाटलीतली दोन बोटं उरवली आहेत. मगात. बघून बरं वाटतं.

तिसऱ्या भिंतीचा तो कोपरा पावसात टिकला का?

कळावे, आशीर्वाद भरपूर आहेत, घेणारी लांब आहे.

टिलीताई


श्टाइनहाल्डे, १२ एप्रिल १९८३

ती. टिलीताईस,
सा. न. वि. वि. आणि त्यानंतर भांडण.

मी तुझी पाच वर्षांनी धाकटी बहीण आहे आणि मीही बाबांची मुलगी आहे. दिवसभर ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या मुलाच्या खोलीत घड्याळाशिवाय आवाज कसा नाही? तो फुंकत नाही का? की त्याला नुसता धरून बसायला शिकवतात? मी कारकुनाला विचारलं, किलिआनला विचारलं, फिरस्त्यांच्या मंडळाला विचारलं. चाळीस खुर्च्यांचं एकमत झालं की असा मुलगा नाही.

चौघींचा अड्डा तिघींचा झाला, तिघींचा दोघींचा, आणि तू मला दर वेळी एका ओळीत सांगितलंस, जिना झाडल्यासारखं. मी खुर्च्यांच्या गर्दीत ते वाचून पुढे गेले. याबद्दल सिस्टर युस्टाझियाने मला उभं केलं असतं.

तू सहासष्ट वर्षांची आहेस आणि खोटं बोलायला अजून शिकली नाहीस. तेव्हा इथे ये. पाहुणी म्हणून नाही. माझ्याने पेले धुणं, कोबी परतणं आणि लोकांचं ऐकणं एका वेळी होत नाही. फिरस्त्यांचे पंधरा जण मे महिन्याच्या पहिल्या तारखेला येणार आहेत. पिंपावर टिचकी मारली तर अर्ध्याच्या खाली पोकळ आवाज येतो. मी उरलेली तुझ्यासाठी राखतेय, पण किती राखणार, लोक बघतायत. वरची खोली झाडून ठेवली आहे. तिच्या खिडकीला पडदे नाहीत.

जिन्याला दोन आठवड्यांत कठडा लागेल. किलिआन लावतोय. तू येणार आहेस का असं त्याने विचारलं, आणि मी सांगते, ताई, पहिल्यांदाच तो उत्तर ऐकायला थांबला. हातात हातोडी धरून.

कळावे, लोभ नको, गाडीची वेळ कळव.

तुझी,
बुर्गी


ल्युबेक, १८ एप्रिल १९८३

चि. बुर्गीस,
अ. उ. आ.

तीस तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. स्टेशनवर कोणी हातोडी घेऊन येऊ नये.

हिन्रिखचा पलंग खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिला. बोर्दोचे पेले त्याच्या भाच्याकडे गेले, तिथे ते सुखी होतील. दात घासायचा मग मात्र मी बरोबर घेतलाय. शिवणयंत्र घेतलेलं नाही. तुझं आहे असं तू लिहिलं होतंस, आणि पडदे इतके लांबरुंद निघाले आहेत की तुझ्या खिडकीला लावून वर पाच-सहा टेबलांवर घालता येतील. ते कापायचे आहेत. बेकरीवाल्याचा निरोप घेतला. त्याने या वेळी मला विचारलं की तुम्ही कुठल्या गावच्या. मी सांगितलं, आणि इतकं लांबवून सांगितलं की त्याचा पाव करपला.

विद्यार्थ्याचाही निरोप घेतला. फार सभ्य मुलगा. जितके दिवस होता, एकदाही वाजवला नाही.

तक्रार एकच आहे, आणि ती मी मुद्दाम इथे, तिसऱ्याच्याही पुढे ठेवली आहे. चाळीस वर्षांत मी त्या घरी पाहुणी म्हणून आले, चार दिवस बसले आणि परत गेले. आता सामान घेऊन फाटकाशी उभं राहायची लाज वाटते. अचानक पाय मागे फिरले तर? तेव्हा एवढं कर. पिंप संपलं तरी चालेल, पण मी येईपर्यंत खराटा उतरवू नकोस. काड्या वर करून राहू दे कडीत. म्हणजे मी आत आले, कोट खुंटीला लावला आणि खुर्चीत बसले, की मग तुला का आलीस असं विचारता येणार नाही.

काय घेणार ते विचार.

टिलीताई